एक मैदान, सहा फुटबॉल

ठाण्यात किंवा नवी मुंबईत दिव्यांग खेळाडूंची हौशी फुटबॉल लीग भरवायची म्हटली, की पहिली बैठक टर्फच्या भाड्यावर अडेल असं वाटतं. ती अडते 'खेळणार कोण?' या प्रश्नावर. एक जण कर्णबधिर मुलांची नावं देतो. दुसऱ्याच्या ओळखीत लोकलच्या अपघातात पाय गमावलेले तीन-चार तरुण असतात. विशेष शाळेतल्या बाई बौद्धिक दिव्यांग मुलांची यादी घेऊन येतात, आणि मागून कोणीतरी विचारतं, "अंध मुलांचं काय?" नावं पंचवीस-तीस जमतात, संघ मात्र एकही धड उभा राहत नाही. कारण 'दिव्यांगांचं फुटबॉल' असा एकच एक खेळ नाहीच. निदान सहा वेगवेगळे खेळ आहेत. प्रत्येकाचा जन्म वेगळ्या ठिकाणचा आणि नियम वेगळे.

दिव्यांगांच्या खेळांचा इतिहास सांगताना सगळे इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयापासून सुरुवात करतात. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या 16 जवानांची तिरंदाजीची स्पर्धा तिथे भरवली. पुढे त्यातूनच 1960 चं रोम पॅरालिंपिक उभं राहिलं. हे खरं असलं तरी फुटबॉलची गोष्ट इथून सुरू होत नाही. ही चळवळ व्हीलचेअरवरच्या माणसांची होती. तिरंदाजी, पोहणं, बास्केटबॉल तिच्यात सहज सामावले. पायांनी खेळायच्या खेळाला तिथे जागा कुठून असणार? आपल्याकडेही पहिलं नाव निघतं ते सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांचं. 1965 च्या युद्धात जखमी झालेल्या या जवानानं 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. युद्ध, रुग्णालय आणि मग एकट्यानं खेळायचा खेळ, असा तो रस्ता होता. आपल्याकडे सांघिक खेळ त्या वाटेवर फार उशिरा आले.

फुटबॉलमध्ये सर्वांत आधी उतरले ते कर्णबधिर. ग्लासगोत 1871 मध्येच त्यांचा क्लब निघाला होता. 1924 मध्ये पॅरिसला 9 देशांच्या कर्णबधिर खेळाडूंचे पहिले आंतरराष्ट्रीय खेळ झाले, म्हणजे गुटमन यांच्या 24 वर्षं आधी, आणि त्यात फुटबॉल होता. नियमांत फारसं काही बदलावं लागलं नाही. रेफरी शिट्टीबरोबर झेंडाही दाखवतो. चांगल्या कानानेही किमान 55 डेसिबलपर्यंत ऐकू येत नसेल तरच खेळाडू पात्र ठरतो, आणि सामन्यात श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. म्हणून कर्णबधिरांचा संघ बांधणं सर्वांत सोपं. तो परिसरातल्या कुठल्याही संघाशी सरळ अकरा-अकराचा सामना खेळू शकतो, आणि बऱ्याचदा त्याला वेगळी लीग नकोच असते. आयोजकांच्या हे लक्षात येत नाही, मग तेच रुसतात.

बाकीचे खेळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम झालेल्यांचं सात-सातचं फुटबॉल 1978 मध्ये एडिनबरोला आंतरराष्ट्रीय पातळीवर आलं आणि 1984 पासून पॅरालिंपिकमध्ये खेळलं जाऊ लागलं. त्यात ऑफसाइड नाही, थ्रो-इन एका हातानं जमिनीलगत घरंगळवला तरी चालतो. खरी गंमत संघनिवडीत आहे. शरीरावर किती परिणाम झाला आहे त्यावरून खेळाडूंचे तीन वर्ग पाडतात. सर्वांत जास्त परिणाम झालेल्यांपैकी निदान एक जण मैदानात हवाच, आणि सर्वांत कमी परिणाम झालेला एकच चालतो. नुसते तगडे खेळाडू गोळा करून कप न्यायची सोय नाही. माझ्या मते दिव्यांग खेळांतला हा सर्वांत शहाणा नियम. तरीही पुरेशा देशांत हा खेळ पसरलेला नाही, या कारणानं 2016 च्या रिओनंतर तो पॅरालिंपिकमधून वगळला गेला.

अंधांचा खेळ स्पेन आणि ब्राझीलमधल्या अंधशाळांच्या अंगणात वाढला. बॉलच्या आत खुळखुळा असतो, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, गोलकीपर मात्र डोळस. समोरच्याच्या पायातला बॉल घ्यायला जाताना 'वॉय' म्हणून ओरडायचं. शब्द स्पॅनिश आहे, अर्थ 'येतोय'. आपली मुलंही हेच ओरडतात. 40 बाय 20 मीटरच्या मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना फळ्या असतात, त्यांना आपटून बॉल परत खेळात येतो. मुंबई-ठाण्यात रिंक फुटबॉल खेळलेल्या माणसाला हे बघून घरी आल्यासारखं वाटावं. 2004 च्या अथेन्सपासून हा खेळ पॅरालिंपिकमध्ये आहे. पहिली पाचही सुवर्णपदकं ब्राझीलनं नेली, 2024 मध्ये पॅरिसला फ्रान्सनं ती मालिका तोडली. भारतात त्याचं केंद्र कोची. 2022 ची आशियाई स्पर्धा तिथे झाली, 2025 ची महिलांची जागतिक स्पर्धाही.

कुबड्यांवरचं फुटबॉल अमेरिकेतल्या सिएटलचं, 1980 च्या दशकातलं. डॉन बेनेट या एक पाय गमावलेल्या माणसानं ते सुरू केलं. कृत्रिम पाय काढून, दोन कुबड्यांवर पळत, एका पायानं खेळायचं; कुबडीनं मुद्दाम बॉल मारला तर फाउल. गोलकीपर मात्र एक हात नसलेला. जिथे युद्धानं आणि भूसुरुंगांनी माणसं पांगळी केली, तिथे हा खेळ रुजला. अंगोलानं 2018 चा विश्वचषक जिंकला तो योगायोग नव्हे. इलेक्ट्रिक व्हीलचेअरवरचं फुटबॉल फ्रान्समध्ये 1970 च्या दशकात सुरू झालं. चार-चार खेळाडू, 33 सेंटिमीटरचा मोठा बॉल. पण खुर्चीची किंमत ऐकली की आपल्याकडची चर्चा तिथेच संपते.

बौद्धिक दिव्यांगांची वाट सर्वांत वेगळी. 1968 मध्ये युनिस केनेडी श्रायव्हर यांनी शिकागोत सुरू केलेल्या स्पेशल ऑलिंपिक्समध्ये निदानाला फार महत्त्व नसतं. आधी छोटे सामने खेळवून साधारण बरोबरीचे संघ एका गटात टाकतात. 'युनिफाइड' प्रकारात पाचांपैकी तीन खेळाडू बौद्धिक दिव्यांग आणि दोन दिव्यांग नसलेले सोबती असतात.

आता ही सगळी वाटणी आपल्या गावात आणून बघा. दिव्यांगांच्या हक्कांच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यानं ते 21 केले. त्याच कायद्याच्या 30 व्या कलमात खेळात सहभागाची सोय करणं ही सरकारची जबाबदारी ठरली. महाराष्ट्रानं 2022 मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभागही काढला. पण कायद्यातलं 40 टक्के अपंगत्वाचं माप सवलतींसाठी आहे. प्रमाणपत्रावरचा आकडा पाहून कोणी किती पळेल हे सांगता येत नाही. एक हात नसलेल्या मुलाच्या कार्डावर आकडा मोठा असतो आणि मैदानात तोच सर्वांना मागे टाकतो. कुबड्यांच्या फुटबॉलमध्ये मात्र त्याला गोलमध्येच उभं राहावं लागतं. पोलिओ झालेल्यांची अडचण याहून अवघड. त्या खेळाच्या मूळ व्याख्येप्रमाणे अवयव घोट्यापाशी किंवा मनगटापाशी तुटलेला हवा. बारीक झालेला, पण असलेला पाय तीत बसत नाही. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण 2011 मधला, म्हणजे पायाला कॅलिपरचा आधार लावणारे आपले खेळाडू आता जाणते झाले आहेत आणि त्यांच्या मागून नवे येणार नाहीत. ज्येष्ठ खेळाडू आणि नवी मुलं यांच्यात लीगमध्ये जी खडाखडी होते, तिचं मूळ बरंचसं इथे आहे.

मैदानांची गोष्ट थोडक्यात. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, 2022 मध्ये मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. त्याच काळात घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत टर्फ उगवले. पोरांना क्रिकेटखेरीज काहीतरी मिळालं. पण टर्फच्या जाळीचं दार बहुधा अरुंद, उंबरा उंच आणि मुतारी दोन पायऱ्या वर. वाशीतलं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी प्रशिक्षण केंद्र, विशेष शाळा, पालकांचे गट यांच्याकडे खेळाडू आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांनी 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा, हा नियमही आहे. त्यातला किती खेळाकडे वळतो हे ज्यानं त्यानं आपल्या प्रभागात विचारावं.

मग इथली लीग कशी बसवायची? इंग्लंडमध्ये काउंटी पातळीवर सर्व प्रकारच्या दिव्यांगांच्या एकत्र लीग चालतात आणि गट निदानावरून न पाडता खेळाच्या ताकदीवरून पाडतात. आपल्याकडेही संख्या पाहता तेच जमण्यासारखं आहे: गट पाडायची रीत स्पेशल ऑलिंपिक्सची, 'एक तरी हवा, एकच चालेल' हा नियम सेरेब्रल पाल्सीचा, झेंडा कर्णबधिरांचा. फक्त अंधांचा सामना या खिचडीत मिसळत नाही. त्याला शांतता लागते, बॉल पायात असताना प्रेक्षकांनी टाळीही वाजवायची नसते. आणि बौद्धिक दिव्यांग मुलांच्या सामन्याला पालक ढोल घेऊन येतात. त्यामुळे वेळापत्रकात अंधांचा सामना रविवारी सकाळी सहाला टाकायचा, शेजारच्या टर्फवर बॉक्स क्रिकेटची आरडाओरड सुरू व्हायच्या आत.