झाकण उघडलं आणि वाय-फाय गायब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एखाद्या पेढीवर दुपारी असं होतं. दिवाणजी जेवायला जाताना लॅपटॉपचं झाकण मिटतात. येऊन उघडतात तर अर्धवट भरलेलं बिल जसंच्या तसं, वाय-फाय मात्र नाही. मोबाइलवर त्याच राउटरचं नेट सुरळीत चालू. तरी तोंडून निघतं ‘नेट गेलं’, आणि बिचाऱ्या राउटरचा प्लग उपटला जातो.

लॅपटॉप झोपतो तेव्हा रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीला, थोडी वीज मिळत राहते, म्हणून बिल टिकतं. वाय-फाय कार्डाचं तसं नाही. त्या टपाल तिकिटाएवढ्या कार्डात स्वतःचा छोटा प्रोसेसर आणि मेमरी असते, पण त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, बऱ्याच कार्डांत कायमचं भरलेलं नसतं. ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा प्रोग्राम, ते डिस्कवरून उचलून कार्डात चढवतो. कार्डाची वीज पूर्ण तुटली की पाटी कोरी. उठल्यावर कार्ड जागं करायचं, फर्मवेअर पुन्हा चढवायचं, मग राउटरशी नव्याने जोडून घ्यायचं. मध्येच कार्डाने वेळेत ‘ओ’ दिली नाही, की ड्रायव्हर हात टेकतो.

कुठल्या भागाला कधी किती वीज द्यायची, याची ‘एसीपीआय’ ही नियमावली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली आणली. पण बायॉस (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपवाल्याचं, ड्रायव्हर कार्डवाल्याचा, विंडोज तिसऱ्याचं. कालपर्यंत नीट चाललेलं एखाद्या अपडेटनंतर बिघडतं ते तिघांचा मेळ चुकल्यामुळे.

आधी वाय-फायची यादी उघडून बघा. आजूबाजूची नावं दिसत असतील तर कार्ड जिवंत आहे. जोडलं जाऊनही नेट नसेल आणि आयपी पत्ता (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा नंबर) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी एकदा वाय-फाय तोडून पुन्हा जोडा. वाय-फायचं बटणच नाहीसं झालं असेल, तर संशय ड्रायव्हरवर.

मग रीस्टार्ट करा. शट डाउन नव्हे! २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या स्थितीत डिस्कवर जपले जातात आणि पुढच्या वेळी तसेच उचलले जातात. ‘बंद करून चालू केलं तरी तेच’ ही तक्रार म्हणूनच खरी असते. काम अर्धवट असेल तर डिव्हाइस मॅनेजर या विंडोजच्या उपकरणांच्या यादीमध्ये कार्डावर राइट क्लिक करून डिसेबल, मग एनेबल. लिनक्सवाल्यांनी मोडप्रोब या कमांडने ड्रायव्हर काढून परत घालावा.

रोजच हे होत असेल तर त्याच कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो. वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी तिथली टिक काढा. बॅटरी थोडी जास्त खाईल, खाऊ दे. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत हा टॅबच नसतो. तिथे लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नेमक्या त्या मॉडेलचा ड्रायव्हर घालावा. बिघाड अपडेटनंतरचा असेल तर ‘रोल बॅक’, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअरं मी तरी घालणार नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नावच नसेल, तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. तरीही नाव आलं नाही, तर विश्रामबागेतल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. कार्ड खाचेत सैल झालंय का, हे तो पाच मिनिटांत सांगेल.