एंजल आयलंडवर तंबूत राहायचंय? आधी घड्याळ आणि तारीख बघा

अंजदीव बेट आपलं, गोव्याचं, पण नौदलाच्या ताब्यात. तिथं सहज जाऊन राहायची सोय नाही. म्हणून की काय, कॅलिफोर्नियात मुलाबाळांकडे जाणारे गोंयकार सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर एक रात्र काढायची म्हणतात. 1863 सालची कॅम्प रेनॉल्ड्स ही छावणी, दोन्ही महायुद्धांतले सैनिक जिथून गेले ते फोर्ट मॅकडॉवेल, शीतयुद्धातला क्षेपणास्त्र तळ, सगळं तिथं आहे. 1910 ते 1940 या काळात तिथं परदेशी लोकांना अडकवून ठेवायचे, त्यांत हिंदुस्थानातलेही होते. बेत चांगला, पण बहुतेकांचा तो अर्जातच फसतो.

तंबूची जागा कॅलिफोर्निया राज्य उद्यानांच्या आरक्षण संकेतस्थळावर मिळते. आरक्षण सहा महिने आधी उघडतं, सकाळी 8 वाजता. हे 8 तिथले! आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजतात, हिवाळ्यात साडेनऊ. सकाळी चहाचा कप घेऊन बसलात तर तिथं अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. जागा मोजक्याच, शनिवार-रविवारच्या तर बघता बघता जातात. दुसरा घोळ तारखेचा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, तेव्हा 07/03 म्हणजे 3 जुलै. 7 मार्च समजून पैसे भरलेले लोक मी पाहिलेत. रद्द करायचं तर पैसे कापले जातात.

आरक्षण 18 वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या नावावर करा, आणि ती व्यक्ती मुक्कामाला हजर हवी. मुलगा कामावरून सुटणार नसेल तर त्याच्या नावावर घेऊ नका. एका जागेत जास्तीत जास्त 8 माणसं.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्ट असेल तर बी-1/बी-2, म्हणजे पर्यटन किंवा व्यवसाय-भेटीचा व्हिसा, आणि गोव्याचा कारभार मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाकडे. बोटांचे ठसे एका भेटीत, मुलाखत दुसऱ्या भेटीत, तेव्हा मुंबईत राहायची सोय आधीच बघा. तंबूच्या आरक्षणाची पावती व्हिसासाठी कोणी मागत नाही. उलट व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारे पैसे अडकवूच नका. नावाचा घोळ मात्र खास आपला: जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर वेगळं, आधारवर तिसरंच. अर्जात फक्त पासपोर्टवरचं, अक्षरन् अक्षर. 'आमचं खरं आडनाव असं' हे मुलाखतीच्या काचेपलीकडे कोणी ऐकत नाही.

घरात कुणाचा पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला हा व्हिसा लागत नाही, ईस्टा, म्हणजे व्हिसाशिवाय जायची ऑनलाइन परवानगी, पुरतो. निघण्याच्या किमान 72 तास आधी भरा. मुक्काम 90 दिवसांचाच, वाढवून मिळत नाही. एकाच घरात आईला व्हिसा आणि मुलाला ईस्टा, असं गोव्यात सर्रास असतं. एकाचे कागद बघून दुसऱ्याचे भरू नका.

बोटीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, टिब्युरॉनहून किंवा सॅन फ्रान्सिस्कोहून. ही काही रायबंदर-चोडण फेरीबोट नव्हे, एक चुकली की दुसरी आलीच असं नाही. हिवाळ्यात फेऱ्या आणखी कमी. धक्क्यापासून तंबूच्या जागेपर्यंत सामान पाठीवर घेऊन चढ चालायचा असतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच विचार करा. लाकडं पेटवायला बंदी आहे. कोळसा किंवा छोटी गॅसची शेगडी चालते, पण गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिथंच घ्या.

आणि चोरीस, म्हणजे आपलं डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज, बॅगेत भरू नका. डुकराचं मांस अमेरिकेच्या कस्टममधून सुटत नाही, लपवलंत तर दंड वेगळा.