परदेशी देणगीची नोंदणी: अर्ज कुठे अडतो

परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, 2010 खालील नोंदणी, म्हणजे संस्थांच्या बोलण्यातले ‘एफसीआरए’, मिळवण्यासाठी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एफसी-3ए हा नमुना भरावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेने परदेशी निधी दुसरीला देण्यास मनाई केल्यामुळे, पुण्यातल्या मोठ्या संस्थेमार्फत भोर-मुळशीत काम करणाऱ्या लहान संस्थांना आता स्वतःच या वाटेने जावे लागते, आणि नियम कडक झाल्याचा खरा भार त्यांच्यावरच पडतो.

मुळात नोंदणी लागते का, हे आधी पाहावे. अमेरिकेत राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी अंशदान ठरत नाहीत; त्याच भाच्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असूनही ते ठरतात. देणगीदाराच्या पासपोर्टची प्रत मागताना संकोच करू नये.

संस्था तीन वर्षे जुनी असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत मिळून किमान 15 लाख रुपये प्रत्यक्ष कार्यावर खर्च झालेले असावेत. ही रक्कम दरवर्षीची समजून अनेक जण अर्जच करत नाहीत. उलट काहींचा खर्च पुरेसा असतो, पण हिशेबात शिक्षिकांचे मानधन, जागेचे भाडे आणि स्टेशनरी ‘कार्यालयीन खर्च’ या एकाच ओळीत घातलेले असते, आणि प्रशासकीय खर्च या 15 लाखांत धरला जात नाही. हे लेखापरीक्षकाला वर्ष संपण्यापूर्वी सांगावे. अट पूर्ण होत नसल्यास एफसी-3बी भरून विशिष्ट देणगीसाठी पूर्वपरवानगी मागता येते. त्यासाठी रक्कम व प्रयोजन नमूद केलेले देणगीदाराचे वचनपत्र हवे.

सर्वाधिक त्रास विश्वस्तांच्या नावांचा होतो. एका संस्थेच्या परिशिष्ट 1 वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, दिवंगत अध्यक्षांचेच नाव होते, कारण बदल अर्ज कोणी दाखलच केला नव्हता. तो 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. परिशिष्ट, दर्पण पोर्टल (नीती आयोगाचे स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचे संकेतस्थळ) आणि शपथपत्रे या तिन्ही ठिकाणी नावे अक्षरशः जुळली पाहिजेत. आधार नसलेल्या विश्वस्ताने भारतीय पासपोर्ट द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती मुभा दिली आहे.

परदेशी निधी स्वीकारण्याचे खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागते. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, पुण्यातल्या शाखेतून कागदपत्रे पाठवता येतात. पण दिल्लीतल्याच शाखेचा हट्ट कशासाठी, हे धनकवडीत बालवाडी चालवणाऱ्या बाईंना पटवून देणे अवघड जाते.

नोंदणी मिळाल्यावर प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी निधीच्या 20 टक्के आहे. पूर्वी ती 50 होती. एफसी-4 हे वार्षिक विवरणपत्र 31 डिसेंबरपर्यंत भरावे, वर्षभरात एक रुपयाही आला नसला तरीही. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत करायचा असतो. मात्र किमान चार महिने आधी अर्ज करावा, अशी सूचना मंत्रालयाने 2025 मध्ये दिली आहे. म्हणजे 31 मार्चला संपणाऱ्या प्रमाणपत्रासाठी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एवढेच दोन महिने हाताशी असतात, आणि त्यात दिवाळीही येते.