प्रभाग रचना (मुंबई महानगरपालिका)

महानगरपालिकेच्या निवडणुकीसाठी शहराची केलेली विभागणी. मुंबईत प्रत्येक प्रभागातून एकच नगरसेवक निवडून जातो आणि २००२ पासून असे २२७ प्रभाग आहेत. पहिला दहिसरला, शेवटचा कुलाब्याला. बोलताना सगळे त्यांना ‘वॉर्ड’च म्हणतात, पण ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखले जाणारे प्रशासकीय वॉर्ड वेगळे; त्यांतल्या प्रत्येकात अनेक प्रभाग येतात. सीमा आखणे हे कागदोपत्री प्रशासकीय काम आहे. त्याचे राजकारण होते, कारण पालिका एका पक्षाकडे आणि मंत्रालय दुसऱ्याकडे अशी स्थिती मुंबईने अनेकदा पाहिली आहे, आणि प्रभाग किती असावेत हे पालिका ठरवत नाही. ते १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात लिहिलेले असते आणि तो अधिनियम विधिमंडळ बदलते.

आखणीचा सर्वांत लहान घटक म्हणजे जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाने मोजायचा घरांचा समूह. हा गट शक्यतो फोडायचा नाही, असे गट जोडत प्रभाग तयार करायचा, आणि प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर-खाली यापलीकडे जाऊ द्यायची नाही, असा दंडक आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. तिला २२७ ने भागले की सरासरी सुमारे ५४,८०० येते. म्हणजे प्रभाग साधारण ४९ हजारांपासून ६० हजारांपर्यंतचा. सीमा म्हणून रेल्वेमार्ग, हमरस्ते, नाले, नद्या घ्याव्यात, एखादी वस्ती किंवा चाळ दोन प्रभागांत विभागू नये, अशाही सूचना असतात. क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेला संपतात. प्रारूप नकाशा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि मग अंतिम रचना जाहीर होते. हरकतींत सामान्य मतदार क्वचितच दिसतो. बहुतेक अर्ज माजी नगरसेवकांचे आणि इच्छुकांचे असतात, आणि ‘वस्तीचे नैसर्गिक सलगत्व’ या शब्दांच्या आड एखादी सोसायटी आपल्याकडे ओढण्याची किंवा पलीकडे ढकलण्याची विनंती असते.

नियम इतके घट्ट असताना फेरफाराला जागा उरते कुठे? दाट वस्तीत. धारावी, गोवंडी किंवा मालवणीत दोन-चार गल्ल्या इकडच्या तिकडे गेल्या तरी काही हजार मते सरकतात आणि लोकसंख्येची मर्यादा मोडत नाही. नगरसेवकाची निवडणूक अनेकदा हजार-दोन हजार मतांत निकाली लागते, त्यामुळे एवढे सरकणे पुरते. शिवसेनेच्या शाखांना प्रभागाचेच क्रमांक असतात. रचना बदलली की शाखांवरच्या पाट्या बदलाव्या लागतात आणि शाखाप्रमुखांचे कार्यक्षेत्रही.

पालिकेतल्या प्रतिनिधित्वाचा पाया आधी फार अरुंद होता. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांचे मंडळ आले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८८८ मध्ये संख्या ७२ झाली. प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक १९४८ साली झाली. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे जोडली गेली, आणि सदस्यसंख्या पुढे १४०, १७०, १९९२ च्या निवडणुकीपूर्वी २२१ आणि २००२ मध्ये २२७ अशी वाढत गेली.

संख्या २२७ वरच थांबली, पण शहर आतून हलले. गिरण्या बंद पडल्या, गिरणगावातली कुटुंबे दहिसर, विरार, डोंबिवलीकडे सरकली. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरली आणि उपनगराची ९३.५ लाखांच्या पुढे गेली. २०१७ च्या निवडणुकीसाठी झालेल्या रचनेत बेटावरचे, म्हणजे शहर जिल्ह्यातले, सात प्रभाग कमी झाले. त्यांतले पाच प्रभाग पश्चिम उपनगरांना मिळाले आणि दोन पूर्व उपनगरांना. आता वाटणी शहर ५६, पश्चिम उपनगरे १०२ आणि पूर्व उपनगरे ६९ अशी आहे. दक्षिण मुंबईचे प्रभाग पळवल्याची ओरड तेव्हा झाली होती. पण ३०.८५ लाखांना एकूण लोकसंख्येने भागून २२७ ने गुणले तर उत्तर ५६ च येते. ही वाटणी कुणाच्या डावाची नव्हती, स्थलांतराची होती. डाव असलाच तर तो त्याखालच्या पातळीवर, कोणती गल्ली कुठे जाते यात शोधावा लागतो.

लेखणी कुणाच्या हाती हा प्रश्न खरा तापला तो २०२१ नंतर. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक राज्यात राज्य निवडणूक आयोग आणला. महाराष्ट्राचा आयोग १९९४ पासून आहे आणि प्रभाग रचनेवरही त्याचेच नियंत्रण होते. २०२१ च्या अखेरीस महाविकास आघाडी सरकारने प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ केली: शहर, पूर्व आणि पश्चिम उपनगरे यांना प्रत्येकी तीन जास्त. २००१ ते २०११ या दशकात लोकसंख्या ३.८७ टक्क्यांनी वाढली, म्हणून नगरसेवकही त्याच प्रमाणात वाढवले, असा हिशेब होता. तो गणिताने चुकत नाही. मात्र हीच २०११ ची जनगणना हाताशी असताना २०१७ ची निवडणूक २२७ वर झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये २३६ चा प्रारूप नकाशा आला आणि तो शिवसेनेच्या सोयीचा असल्याचा आरोप भाजपने केला.

तेवढ्यात इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा पेच उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्यासाठी तिहेरी कसोटी घातली होती: आयोग नेमून मागासलेपणाची आकडेवारी गोळा करायची, तिच्या आधारे आरक्षणाचे प्रमाण ठरवायचे आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाही. ती पूर्ण होईपर्यंत निवडणूक लांबवावी यावर सर्व पक्षांचे एकमत होते. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभाग रचनेचा अधिकार आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेतला. सत्ताधाऱ्यांनी आणला, विरोधकांनी पाठिंबा दिला. त्याच महिन्यात पालिकेची मुदत संपून प्रशासक बसला. जूनअखेर सरकार पडले आणि आघाडीने सरकारच्या हाती दिलेली लेखणी एकनाथ शिंदे यांच्या सरकारला आयती मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये संख्या पुन्हा २२७ झाली. याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये फेटाळल्या.

पालिका मग जवळजवळ चार वर्षे नगरसेवकांविना चालली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, नगरविकास विभागाने आयुक्तांना रचना करायला सांगितले, ऑगस्टमध्ये प्रारूप आणि ऑक्टोबरमध्ये अंतिम रचना आली. बहुतेक सीमा २०१७ च्याच होत्या. मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. त्या नकाशामागची लोकसंख्या पंधरा वर्षे जुनी होती. लोअर परळचे नवे मनोरे आणि मालाडच्या वाढलेल्या वस्त्या दोन्ही त्यात जुन्याच आकड्याने मोजल्या गेल्या.

सत्ताधारी पक्षाने स्वतःच्या फायद्यासाठी सीमा आखण्याचा प्रकार अमेरिकेत जास्त उघडपणे चालतो. तिथे दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर, बहुतेक राज्यांत विधिमंडळच मतदारसंघ आखते. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ साली अशा नकाशावर सही केली, तेव्हापासून हा प्रकार त्यांच्या नावावरून ‘गेरीमँडरिंग’ म्हणून ओळखला जातो. पक्षीय हेतूने केलेल्या आखणीचा निवाडा संघीय न्यायालये करू शकत नाहीत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. २०२५ मध्ये टेक्सासने दशकाच्या मध्येच रिपब्लिकन पक्षाच्या फायद्याचा नकाशा केला आणि कॅलिफोर्नियाने सार्वमत घेऊन डेमोक्रॅटिक नकाशाने उत्तर दिले. तिथे दोनच मोठे पक्ष आहेत आणि मतदार बऱ्यापैकी जागच्या जागी असतो, म्हणून आखणी वर्षानुवर्षे फळ देते.

मुंबईत तसे घडत नाही. १९९९ ते २०१४ राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते. त्या काळातल्या २००२, २००७ आणि २०१२ या तिन्ही निवडणुकांत पालिका शिवसेना-भाजप युतीकडेच राहिली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री भाजपचा होता, तरी शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. नकाशा पाच-दहा वर्षे टिकतो, पक्ष मात्र त्याआधी फुटतात. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर जुन्या बालेकिल्ल्यांचे हिशेबच बदलले. म्हणून इथले सत्ताधारी रेषेच्या वळणांपेक्षा संख्या आणि मुहूर्त यांच्याशी जास्त खेळतात. राज्यातल्या इतर महानगरपालिकांत हा खेळ आणखी उघडा आहे: २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोनांचा, २०१७ मध्ये चारांचा. मोठा प्रभाग पक्षचिन्हाला सोयीचा, छोटा स्थानिक माणसाला. मुंबई या प्रयोगांतून सुटली.

इच्छुकांना मात्र नकाशाहून जास्त भीती आरक्षण सोडतीची, म्हणजे कोणता प्रभाग कुणासाठी राखीव हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्यांची, वाटते. २२७ पैकी निम्म्या जागा महिलांसाठी. शिवाय २०२६ च्या निवडणुकीत अनुसूचित जातींसाठी १५, जमातींसाठी २ आणि इतर मागासवर्गासाठी ६१ जागा राखीव होत्या. ‘वॉर्ड लेडीज पडला’ की पाच वर्षे राबलेला नगरसेवक शेजारचा प्रभाग शोधतो किंवा पत्नीचा अर्ज भरतो. एका चिठ्ठीने जेवढे नगरसेवक बेघर होतात तेवढे कोणत्याही आखणीने होत नाहीत.

विधानसभा आणि लोकसभेचे मतदारसंघ यापासून वेगळे आहेत. ते केंद्राचा परिसीमन आयोग आखतो. न्या. कुलदीप सिंग आयोगाच्या २००८ च्या आदेशाने मुंबईतल्या विधानसभेच्या जागा ३४ वरून ३६ झाल्या, आणि १७-१७ अशी असलेली शहर-उपनगर विभागणी १० आणि २६ अशी झाली. लोकसभेच्या जागा सहाच राहिल्या.