विजेच्या झटक्याने पेशी भाजत नाही

सांगलीत बायोटेकच्या मुलांना इलेक्ट्रोपोरेशनचं, म्हणजे विजेच्या झटक्याने पेशीत छिद्रं पाडून आत डीएनए घालण्याचं प्रॅक्टिकल शिकवताना दरवर्षी तेच ऐकू येतं: "सर, झटका दिला की पेशी भाजते, म्हणून भोक पडतं." गाइडांतूनही हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चूक आहे.

पेशीचं आवरण जेमतेम 5 नॅनोमीटर जाड. त्यावर साधारण 1 व्होल्टचा दाब आला, की त्यातले मेदाचे रेणू सरकतात आणि पाणी शिरेल अशी सूक्ष्म छिद्रं होतात. हे काम विद्युतक्षेत्राचं, उष्णतेचं नव्हे. आमचे तासगावचे बेदाणावाले द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवतात. सालीवरचा मेणाचा थर पाणी सोडू लागतो, द्राक्ष शिजत नाही. कारण वेगळं, पण चित्र डोळ्यांसमोर येतं.

पुरावा प्लेटवरच दिसतो. 1 मिलिमीटर फटीच्या क्युव्हेटमध्ये (धातूच्या दोन पट्ट्यांची छोटी डबी) ई. कोलाय जिवाणू आणि प्लाझ्मिड (अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक असलेलं डीएनएचं छोटं कडं), 1800 व्होल्ट, काही मिलिसेकंद. लगेच पोषक द्रव घालून तासभर 37 अंशांवर ठेवायचं. मग अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर पसरायचं. दुसऱ्या दिवशी तिथे पांढुरके ठिपके, म्हणजे प्लाझ्मिड आत गेलेल्या पेशींच्या वसाहती, उगवलेले असतात. भाजलेली पेशी वाढेल कशी?

काही पेशी मरतात, हे खरं. छिद्रं वेळेत बुजली नाहीत तर पेशी तगत नाही. आणि नमुन्यात मीठ राहिलं तर 'फट्' आवाज होऊन ठिणगी उडते, सगळा नमुना वाया जातो. माझ्या मते भाजण्याचा समज त्या आवाजातूनच पसरला. म्हणून पेशी थंड पाण्याने नीट धुवा, घाई करू नका.

कर्करोगाच्या काही गाठींवर ब्लिओमायसिन हे औषध पेशींच्या आत शिरावं म्हणून असेच झटके देतात. तिथेही गाठ जाळत नाहीत. मारतं ते औषध.