'जोड्या लावा'मधला उजवा रकाना

डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, उजवीकडे उलटसुलट क्रमाने त्यांचे अर्थ, आणि मधे रेघा ओढायच्या. शब्दसंग्रह वाढवायला बसलेला माणूस डाव्या रकान्याकडेच बघत असतो. पण हा प्रकार घडला कसा हे पाहू गेले, तर शतकानुशतके खरा घाम गाळला गेला तो उजव्या रकान्यावर.

सुरुवात लॅटिन हस्तलिखितांपासून होते. वाचताना शब्द अडला की मठातले भिक्षू त्याच्या डोक्यावर, दोन ओळींच्या फटीत, बारीक अक्षरात सोपा शब्द लिहून ठेवत. अशा टिपा गोळा होऊन पुढे त्यांच्या याद्या झाल्या. मग सोळाव्या शतकात लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच शब्द इंग्रजीत इतके शिरले, की खुद्द इंग्रजांनाच स्वतःच्या भाषेसाठी अशी यादी लागू लागली.

ती 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्रीने दिली. 'अ टेबल अल्फाबेटिकल' या त्याच्या पुस्तकात शब्द होते सुमारे अडीच हजार, तेही फक्त अवघड. 'मॅग्निट्यूड'समोर 'ग्रेटनेस', संपले. हा पहिला एकभाषी इंग्रजी कोश मानला जातो, पण मला तो उत्तरे आधीच जुळवून दिलेल्या 'जोड्या लावा'सारखाच वाटतो. हेन्री कॉकरमने 1623 मध्ये एक पाऊल पुढे टाकले. त्याच्या कोशाच्या एका भागात क्रम उलटा होता : आधी साधा शब्द, मग त्याचा भारदस्त पर्याय. अर्थावरून शब्दाकडे जाण्याची ही वाट फार मोलाची होती. तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

पुढे कोश मोठे झाले आणि वेगळीच अडचण उभी राहिली. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात 'नेटवर्क' या साध्या शब्दाचा अर्थ सांगताना 'रेटिक्युलेटेड', 'डेकसेटेड' आणि 'इंटरस्टिसेस' हे तीन शब्द एकाच वाक्यात येतात. जाळे म्हणजे काय हे कळायला आणखी तीन शब्द शोधायचे! कोशकार म्हणून जॉन्सन थोरच, पण शिकणाऱ्याच्या ते कामाचे नव्हते.

या गाठीला हात घातला मायकेल वेस्ट यांनी. ढाक्यात इंग्रजी शिकवताना त्यांना परक्या विद्यार्थ्याची अडचण जवळून दिसली होती. 1935 च्या त्यांच्या कोशात सुमारे 24,000 नोंदींचे अर्थ अवघ्या 1,490 शब्दांत बांधलेले होते. व्याख्या शब्दापेक्षा सोपी असलीच पाहिजे, हा दंडक तिथे पक्का झाला. लाँगमनच्या 1978 च्या विद्यार्थी-कोशाने सुमारे 2,000 शब्दांत तेच केले.

दरम्यान हा प्रकार परीक्षेत शिरला होता. अमेरिकेत 1926 मध्ये सुरू झालेल्या 'सॅट' या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत शब्दार्थांचे आणि विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न होते. विरुद्धार्थी शब्द तर 1994 पर्यंत टिकले. पाठांतराच्या लांबलचक याद्या त्यातूनच फोफावल्या. पण शब्द आणि अर्थ यांची संख्या सारखीच असली, की शेवटची जोडी न शिकताही जुळते. पॉल नेशन यांनी 1983 च्या आपल्या शब्दसंग्रह-चाचणीत त्यावर साधा तोडगा काढला : अर्थ तीन, शब्द सहा. उरलेले तीन शब्द कुठेच बसत नाहीत, त्यामुळे अंदाजाने निभावत नाही.

तरीही जुळवणे म्हणजे ओळखणे. बोलताना-लिहिताना शब्द आपणहून सुचावा लागतो, तिथे ओळख पुरत नाही. 2008 मध्ये जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या 40 जोड्या शिकायला दिल्या. एकदा बरोबर आलेली जोडीही जे पुन्हापुन्हा आठवून पाहत राहिले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे 80 टक्के जोड्या आठवल्या. जोडी आली म्हणून जे ती नुसती वाचत राहिले, ते 40 टक्क्यांच्याही खाली राहिले. म्हणून जोड्या लावून झाल्या की डावा रकाना हाताने झाकावा आणि नुसत्या अर्थांवरून शब्द आठवून लिहावेत. कॉकरमच्या उलट्या क्रमाचा उपयोग होतो तो इथे.