सभागृह बांधण्याआधी ऐकता येतं, इथवरचा प्रवास

सांगली-मिरजेत नाट्यगृहाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की बोलणं खुर्च्या, एसी आणि पार्किंगभोवती फिरत राहतं. आवाजाचा मुद्दा आलाच, तर ‘साउंड सिस्टीम कुठली बसवणार?’ एवढ्यापुरता. ज्या गावात 1843 मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, तिथे तरी असं व्हायला नको. सभागृहाचा आवाज मागाहून विकत आणता येत नाही. तो छताच्या उंचीत, भिंतींच्या वळणात आणि लाकूड-प्लास्टरच्या जाडीत ठरून गेलेला असतो. तो आधी ऐकून पाहायची सोय आज आहे, पण ती यायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

सुरुवात 1895 ची. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. तो रात्री, रहदारी थांबल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. म्हणजे एक वाक्य विरण्याआधीच पुढची दोन-तीन वाक्यं त्यावर चढत. गाद्या वाढवत नेल्या तसा हा वेळ कमी होत गेला, आणि त्यातून सबाइनचं सूत्र निघालं: खोलीचं घनफळ मोठं तितकं घुमणं जास्त, आवाज शोषणारे पृष्ठभाग जास्त तितकं घुमणं कमी. बोस्टनचा सिम्फनी हॉल 1900 मध्ये याच हिशेबावर उभा राहिला आणि आजही तो जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

पण हे सूत्र अख्ख्या खोलीचा एकच आकडा देतं. आवाज किती वेळ टिकेल ते कळतं. कुठल्या भिंतीवरून, कुठल्या खुर्चीपर्यंत, किती उशिरा पोहोचेल ते कळत नाही. न्यूयॉर्कने याची मोठी किंमत मोजली. 1962 मध्ये उघडलेल्या फिलहार्मोनिक हॉलसाठी ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक यांनी जगभरच्या सभागृहांचा अभ्यास केला होता. पुढे खुर्च्या वाढवायच्या म्हणून आराखडा बदलला आणि खर्जाचे स्वर श्रोत्यांपर्यंत धड पोहोचेनात. बरीच डागडुजी झाली, शेवटी 1976 मध्ये आतला भाग पूर्ण काढून नव्याने बांधला. 2022 मध्ये तो पुन्हा एकदा बदलावा लागला.

नॉर्वेतल्या त्रोनहेमच्या तीन संशोधकांनी 1968 मध्ये पुढचं पाऊल टाकलं. संगणकात खोली उभी करायची, मंचावरून हजारो किरण सोडायचे आणि प्रत्येक किरण भिंतींवर आपटत कुठे जातो ते पाहायचं. आपल्या भागातल्या माणसाला यातलं मर्म विजापूरच्या गोल घुमटामुळे लगेच कळेल. तिथल्या सज्जात भिंतीशी केलेली कुजबुज पलीकडच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा सज्जांवर लेखन केलं, त्यात हा घुमटही होता. अंतर्वक्र पृष्ठभाग आवाज गोळा करतो. सहलीला गेलेल्या मुलांना त्याची मौज वाटते, पण मैफलीच्या सभागृहात असं छत आलं तर एका रांगेला कर्कश आणि दुसरीला मुकं ऐकू येतं. किरणांच्या गणनेत हा दोष कागदावर असतानाच सापडतो.

पुढे संगणकाने आणखी मोठी गोष्ट साधली. घुमणं अजिबात नसलेल्या खोलीत मुद्रित केलेलं गाणं घ्यायचं आणि आराखड्यातल्या सभागृहाचे सगळे पडसाद त्यात मिसळायचे. मग हेडफोन लावून, न बांधलेल्या सभागृहाच्या विसाव्या रांगेत बसल्यासारखं ऐकता येतं.

बांधकामाचा मार्ग विमानांनी दाखवला. लढाऊ विमानांचे वळणदार पृष्ठभाग आखण्यासाठी फ्रान्समध्ये तयार झालेलं कॅटिया हे सॉफ्टवेअर वास्तुकार फ्रँक गेरी यांच्या कचेरीने लॉस एंजेलिसच्या डिस्ने हॉलसाठी वापरलं. तो 2003 मध्ये उघडला. 2017 मध्ये उघडलेल्या, जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनीत सभागृहाचं आतलं कवच जिप्समच्या सुमारे 10,000 फलकांचं आहे. प्रत्येक फलक वेगळा. फलकांवरच्या खाचांचा नकाशा संगणकाने काढला आणि यंत्राने कोरला. या खाचा आवाज एका दिशेला न फेकता विखुरतात. तरीही ध्वनितज्ज्ञ यासुहिसा टोयोटा यांनी एकास दहा प्रमाणात प्रतिकृती बांधून त्यात दहापट उंच कंपनसंख्येचे आवाज तपासले. निव्वळ गणनेवर विसंबले नाहीत, आणि मला ते योग्य वाटतं. अर्थात साधनं अचूक म्हणून काम स्वस्तात झालं असं नाही: शहराच्या तिजोरीवरचा भार मूळ अंदाजाच्या दहापट झाला.

आपल्याला एवढं भव्य काही नको. पण आपली गरज युरोपच्या वाद्यवृंदाहून वेगळी आहे, हे आधी नक्की झालं पाहिजे. सिम्फनीला सुमारे दोन सेकंदांचं घुमणं मानवतं, संवादाला एक सेकंदाच्या आसपास. संगीत नाटकाला दोन्ही हवं: गद्य लख्ख कळावं आणि लगेच सुरू होणारं पद कोरडं पडू नये. आणि तंबोरा! मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो करणारा कारागीर घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून, तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवून जवारी लावतो, तेव्हा कुठे तारेतून वरचे स्वर फुलतात. हे नाजूक स्वर एसीच्या घरघरीत पहिल्यांदा बुडतात आणि जाड पडदे त्यांनाच आधी गिळतात. मुंबईचं टाटा थिएटर 1980 मध्ये मायकाविना भारतीय संगीत ऐकता यावं म्हणून बांधलं गेलं. त्याचे वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस. न्यूयॉर्कचा हॉल 1976 मध्ये याच दोघांनी सुधारला होता. म्हणजे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही.

काम कुठून सुरू करता येईल तेही साधं आहे. रिकाम्या नाट्यगृहात फुगा फोडायचा, वेगवेगळ्या रांगांत बसून तो आवाज लॅपटॉपवर मुद्रित करायचा. त्यातून प्रत्येक रांगेचं घुमणं निघतं. सांगलीत अभियांत्रिकीची मुलं आहेत, मिरजेत तंबोरे आहेत. नूतनीकरणाची निविदा निघण्याआधी हे मोजमाप झालं, तर घुमण्याचे सेकंद आणि एसीच्या आवाजाची कमाल मर्यादा या दोन अटी खुर्च्यांच्या रंगाआधी लिहिता येतील.